वेताच्या आठ खुर्च्यांचे विमान

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत मी एका प्रवासी विमानाच्या निर्मितीचा, त्यात वेळोवेळी केलेल्या सुधारणांचा आणि अखेरीस त्यात सापडलेल्या एका मोठ्या चुकीचा वृत्तान्त यथाशक्ती सादर करणार आहे. विमान लाकडाचे आहे, हातभर लांब आहे आणि टेबल सोडून ते आजवर कोठेही गेलेले नाही. माझे शिक्षण सातवीत थांबले, तरी वाचनाची गोडी असल्याने भाषा शुद्ध ठेवण्याची खटपट केली आहे. व्यवसायाने मी वेताच्या खुर्च्या विणतो. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून आरंभीच नमूद केली.

माझे सासरे तरुणपणी विमानतळावर हमाल होते. त्या काळी प्रवासी विमानाला एकावर एक असे दुहेरी पंख असत, पंखांवर कापड ताणलेले असे आणि चालक बिचारा उघड्यावर वारा खात बसे. उतारू मात्र आत, पडदे लावलेल्या खोलीत. त्यांना बसायला वेताच्या खुर्च्या असत, कारण वेत हलका. एकदा सामान चढवताना, कोणी पाहत नाही असे बघून, सासरे त्यांतल्या एका खुर्चीत क्षणभर बसले. ही हकीकत त्यांनी आपल्या दोन्ही मुलींना इतक्या वेळा सांगितली की धाकटीने, म्हणजे माझ्या पत्नीने, ती माहेरच्या वस्तूसारखी जपून माझ्या घरी आणली. सोबत काळ्या चौकटीतले एक छायाचित्रही आणले. त्यात विमानाच्या दाराशी सासरे टोपी घालून ऐटीत उभे होते.

"तुम्ही वेतवाले," ती म्हणायची, "आणि मी विमानात बसलेल्या माणसाची लेक. मग तसली खुर्ची आपल्या घरात नको का?"

"मोठी करू की छोटी?"

"मोठी ठेवायला जागा कुठंय? छोटीच करा. पण विमानासकट."

अशा रीतीने कार्यारंभ झाला. मी लाकूड तासावे, तिने भिंगातून छायाचित्रातल्या खिडक्या मोजाव्यात. तिची खरी कामगिरी मात्र निराळी होती. ती खोड काढी. कोपऱ्यातल्या आपल्या खुर्चीत बसून, शिवणावरची नजर न उचलता म्हणे, "शेपूट जड झालंय." किंवा, "ही चाकं आहेत की बटाटे?" मी रागावे, आणि राग उतरला की चाके नवी करी. पंख चढले, पंखांमधल्या तारा ताणून झाल्या, आणि त्याच हिवाळ्यात ती गेली. त्याविषयी अधिक लिहिणे माझ्या लेखणीस जमणारे नाही.

पुढे काम मी एकट्याने चालू ठेवले. पंखांवरचा कागद काढून रेशीम लावले. दाराला खरी बिजागरी बसवली. वेताची साल चिरत चिरत दोऱ्याहून बारीक केली, ती ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ ठेवली आणि अंगठ्याच्या पेराएवढ्या आठ खुर्च्या विणल्या. त्या पाहायला येणारा एकच गृहस्थ होता, शेजारच्या दुकानातला चावीवाला.

"काय वेतवाले, उडालं की नाही अजून?"

"उतारू यायचेत."

"मला घ्या. चाव्यांचा जुडगा घेऊन बसतो. वर गेल्यावर दार अडकलं म्हणजे?"

"थट्टा नंतर. आधी बघून सांगा, कुठं काही चुकलंय का?"

तो कमरेत वाकून, एक डोळा मिटून पाही आणि म्हणे, "झकास!"

चावीवाला मनाचा चांगला. परंतु पंख नवे केले तरी झकास आणि पडदे लावले तरी झकास. एकदा मी मुद्दाम एक चाक काढून ठेवले. विमान कुशीवर लवंडले, तरीही झकास! वाचकहो, ज्या घरात खोड काढणारे कोणी उरले नाही, ते घर किती रिकामे असते, हे मला त्या एका शब्दाने शिकवले. गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांची बसकण मी रोज उसवतो आणि नवी करतो. कोपऱ्यातल्या त्या खुर्चीचा वेत मात्र तिच्या बैठकीप्रमाणे खोल गेला आहे. त्याला मी हात लावलेला नाही.

मग एक सुधारणा सुचली. जिला विमानातल्या खुर्चीत बसायचे होते, तिला बसवावे. मी शिवणीच्या झाडाच्या लाकडाची एक छोटी मूर्ती कोरली आणि तिच्या खांद्यावर पत्नीच्या निळ्या शालीचा तुकडा घातला. येथे मापाविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे. मजपाशी विमानाचा आराखडा नव्हता. छायाचित्रात जिची उंची अजमावता येईल अशी एकच वस्तू होती, आणि ती म्हणजे सासरे. ते पत्नीच्या लहानपणीच वारले होते. तिला विचारले की ती सांगे, "बाबा? ताडमाड!" त्यांचे डोके खिडकीच्या खालच्या कडेला लागत होते. पोटऱ्यांपासून खालचा भाग चौकटीखाली झाकला होता. चाकेही अर्धवट दिसत होती, पण गोल पुरा करून जमीन कोठे असेल ते मी काढले. सासरे त्या जमिनीवर उभे आहेत, असे समजून चांगली साडेपाच फूट उंची धरली आणि त्या हिशेबाने खुर्ची काय, मूर्ती काय, सारे बेतले.

मूर्ती खुर्चीत बसवली, तर गुडघे पुढच्या खुर्चीच्या पाठीला अडले. त्या काळी दाटीच असेल, अशी मनाची समजूत घातली आणि कानशीने गुडघे थोडे घासले. ते काम करताना बरे वाटले नाही.

अशात पत्नीच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. त्यांना मी ताई म्हणतो. त्या दुसऱ्या गावी राहतात.

"भावोजी, ते विमान झालं का पुरं?"

"झाल्यासारखंच आहे."

"मग मी न्यायला येते. बाबांचं आहे ते. माझ्याकडं काचेच्या कपाटात राहील. तुमच्याकडं नुसता भुसा नि धूळ."

नाही म्हणण्याचा मला काय अधिकार? विमान त्यांच्या वडिलांचे, त्यात बसलेली बहीण त्यांची. मी बरे म्हटले. परंतु विमानाचे छप्पर मी अद्याप चिकटवले नव्हते. ते चिकटवले की काम संपणार, काम संपले की विमान जाणार, आणि मग त्या खोलीत मी व एक खोल गेलेली खुर्ची, एवढेच राहणार होतो. ताई येण्याच्या दिवशी सकाळी सरस गरम करून ठेवला. त्यावर साय धरली, तरी ब्रश बुडवला नाही.

दुपारी ताई आल्या. एका हातात रिकामे खोके, दुसऱ्या हातात जुनी घोंगडी.

"अगंबाई, किती वाळलात हो भावोजी! अगदी वेत झालात."

"वेत वाकतो तरी, ताई. माझी कंबर तेही ऐकत नाही."

त्या कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळल्या. मी घाईने म्हणालो, "ती नको. खचलीय."

"खुर्च्या विणणाऱ्याच्या घरात खचलेली खु..." त्या थांबल्या. खुर्चीच्या पाठीवरून एकदा हात फिरवून त्या स्टुलावर जाऊन बसल्या.

मी छप्पर उचलले. ताईंनी चष्मा पुसून आत पाहिले. निळा तुकडा दिसताच त्यांनी बोटाच्या टोकाने तो हलकेच चाचपला. मग अकस्मात त्यांचा आवाज चढला.

"हे काय? हिचे गुडघे कुठं गेले?"

"थोडे घासले. बसत नव्हती."

"बसत नव्हती म्हणून माझ्या बहिणीचे गुडघे घासलेत? शेळ्या कोंबाव्या तसं कोंबलंय हो बिचारीला!"

"ताई, त्या काळी दाटीच असायची."

"कोण म्हणतं? बाबा सांगायचे, चांगले पाय पसरून बसलो होतो म्हणून. माप कशावरून घेतलंत?"

"बाबांवरूनच. साडेपाच फूट धरले."

ताई हसू लागल्या. इतक्या हसल्या की मला पाणी आणावे लागले.

"साडेपाच फूट? आमचे बाबा? अहो, माझ्या कानाला लागायचे ते! माझ्या लग्नात फोटोवाल्यानं त्यांना विटांवर चढवलं, तेव्हा कुठं ते व्याह्यांच्या बरोबरीला आले."

"मग इथं डोकं खिडकीला कसं टेकलंय?"

"चढले असतील कशावर तरी. त्यांना काय, निमित्तच हवं. उघडा ती चौकट."

चौकटीच्या पाठीवर पत्नीने स्वतःच्या हाताने कागदाची पट्टी चिकटवली होती. पट्टीवर तिच्या बोटांनी दाबलेल्या सुरकुत्या तशाच होत्या. ती पट्टी मी कधी उचकटली नव्हती. ताईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "उघडा हो. ती असती तर तिनंच आधी उघडली असती."

साल चिरायच्या सुरीने मी पट्टी सोडवली. छायाचित्र बाहेर आले आणि चौकटीखाली इतकी वर्षे झाकलेला भाग दिसला. कोणा उतारूची एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यावर टाचा जुळवून ठेवलेले सासऱ्यांचे बूट.

"बघा," ताई डोळे पुसत म्हणाल्या. "ट्रंक उचलायला ठेवलेला माणूस, आणि हा तिच्यावरच उभा!"

मी त्यांना दाराच्या चौकटीशी उभे केले व कानाशी पेन्सिल धरली.

"दोन बोटं वर घ्या," त्या म्हणाल्या. "आता मीही आटलेय."

खूण केली. तिच्यात ट्रंकेची फूटभर उंची मिळवली. हिशेब उघड होता. खरे विमान मी समजलो होतो त्याहून मोठे होते, म्हणजे माझ्या हातभर विमानात खुर्च्या आणि माणसे त्या मानाने लहान हवी होती. माझ्या आठही खुर्च्या सुमारे नवव्या हिश्श्याने थोराड झाल्या होत्या. सर्व उसवून पुन्हा विणायला हव्या होत्या, आणि मूर्तीही नव्याने कोरायला हवी होती. परंतु तसे केल्यावर तिच्या गुडघ्यांपुढे मोकळी जागा राहणार होती. तिला पाय पसरता येणार होते.

"हिची उंची काय धरणार?" ताईंनी विचारले. "माझ्या कपाळाला लागायची."

"छे, ताई. माझ्या हनुवटीला."

"मी तिला कडेवर घेतलंय, भावोजी. मला शिकवू नका."

"कडेवरची उंची धरून कसं चालेल?"

ताईंनी ओठ मुडपून हसू दाबले. "बरं बाई. हनुवटी तर हनुवटी."

चहा झाला. ताईंनी खोके उचलले, टेबलाकडे पाहिले आणि खोके भिंतीशी सरकवून त्यावर घोंगडी टाकली.

"हे इथंच राहू दे. चुकलेलं विमान मी नेणार नाही. बाबांना कपाटात ठेवायचं तर नीट ठेवायचं."

"मग कधी न्याल?"

"नीट झाल्यावर. पुढच्या महिन्यात येऊन बघून जाईन. एकेक खुर्ची बघणार, सांगून ठेवते. गुडघे घासणाऱ्या माणसाचा भरवसा नाही मला."

त्यांना बसथांब्यापर्यंत पोचवून मी परतलो. खोलीत दोन रिकाम्या कपबश्या होत्या आणि नेहमीची शांतता. मी दाराच्या चौकटीला पाठ लावून ताठ उभा राहिलो, हनुवटीखाली पुस्तक आडवे धरले आणि चाचपडत खूण केली. ती सासऱ्यांच्या खुणेच्या जरा खाली आली. बापलेक शेजारी शेजारी उभी राहिल्यासारखी दिसली. मग मी वळून त्या खुणेसमोर उभा राहिलो. पुष्कळ वर्षांनंतर माझी नजर जेवढी झुकायला हवी, तेवढीच झुकली. समोर लाकूड होते.

काही वेळाने टेबलाशी बसून मी खिडकीजवळची खुर्ची काढली व तिचा पहिला वेढा सोडवला. सवयीने मोठ्याने विचारले, "शेपूट अजून जड दिसतंय का?" सरसाचे भांडे धुऊन पालथे घातले आणि नवी साल भिजत टाकली.

वाचकहो, विमान अद्याप अपुरे आहे, म्हणून कथाही येथवरच. आपण आपला अमोल वेळ खर्चून हा मजकूर वाचलात, याबद्दल मी अंतःकरणपूर्वक आभारी आहे. लेखनात काही खोड आढळल्यास कृपया ती काढावी. झकास म्हणू नये.

आपला नम्र,
वेतवाला