ओवीतलं हसू

"एकच ओवी शिकवा, काकू. दादाच्या घाण्याला म्हणायचीय."

जयमालाकाकू पत्र्याच्या सावलीत शेंगा फोडत बसल्या होत्या. मागच्या खोल्यांत रात्रपाळीची भाडेकरू पोरं झोपलेली, म्हणून त्या घरात भर दुपारीही सगळे हळू बोलत. समोर, जिथं एके काळी त्यांची ज्वारी उभी असायची, तिथं आता सलोनीची सोसायटी उभी होती.

सलोनी तळवड्याच्या आयटी पार्कात कामाला. तिच्या मोठ्या भावाचं, वरदचं, लग्न ठरलेलं. लग्नाआधी सुवासिनी जात्यावर हळद दळतात, दळता दळता गातात, तो घाणा. तिच्या आईच्या, मृदुलाच्या माहेरी घाणा वाजतगाजत व्हायचा. पण गाणाऱ्या बायका एकेक करून गेल्या आणि हळदीला डीजे आला. सलोनीला डीजे नको होता.

"मला न्हाई येत आता," काकू म्हणाल्या.

"पण गावात सगळे सांगतात, घाणा भरावा तर जयमालाकाकूंनीच."

"सांगू देत. जातं ने माझं, खुशाल ने. गाणं तेवढं मागू नको, पोरी."

सलोनी हिरमुसून उठली. उठताना नेहमीसारखी तिची नजर भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे गेली. काकूंचा एकुलता एक मुलगा गेला हे तिला ठाऊक होतं. नाव विचारायचं मात्र तिला कधी सुचलं नव्हतं, आणि काकूंनी सांगितलं नव्हतं.

चाकणच्या कंपनीतून शिफ्ट संपवून दुचाकीवर परतताना तो कंटेनरखाली आला. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. सुनेला काकूंनी स्वतः राजगुरुनगरला माहेरी पोचवलं, "दुसरं घर बघ, बाय, माझ्यासाठी थांबू नको," म्हणाल्या आणि आल्या पावली परतल्या. त्या दिवसापासून ओवी बंद. घाण्याच्या ओवीत एक जागा मोकळी सोडलेली असते, नवऱ्या मुलाच्या नावासाठी. ज्या घरचं लग्न, त्या घरचं नाव तिथं घालायचं. काकूंच्या ओठांवर त्या जागी एकच नाव यायचं, मग दुसऱ्याच्या मांडवात त्या बसणार कशा आणि कुणाला शिकवणार काय?

सलोनीनं ओवी फोनवर शोधली. सापडली. कुठल्याशा लग्नाचं चित्रण होतं. गाणारीचा चेहरा दिसत नव्हता. गरगरणारं जातं, खुंट्यावरचे हात, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या आणि मागं लग्नघराचा गलका. पण आवाज! उन्हात वाळत घातलेल्या लुगड्यासारखा स्वच्छ, मधूनच वाऱ्यानं फुगणारा.

*हळद दळीते । जातं घुमतं अंगणी*
*जयदीप नवरा । उभा सोन्याच्या रिंगणी*

फोन रागवत नव्हता, थकत नव्हता. मागं घे म्हटलं की मागं जायचा. स्कूटीवर, लिफ्टमध्ये, कणीक मळताना सलोनीच्या कानात ती बाई गात राहिली. 'उभा' म्हटल्यावर त्या बाईचा आवाज जरासा अडखळायचा, अर्धा श्वास आत घ्यायचा आणि मग 'सोन्याच्या'वर उसळून यायचा. सलोनीला तीच जागा सगळ्यांत गोड वाटली. ती जमायला तिला फार वेळ लागला. जमली तेव्हा ती पार्किंगमध्ये एकटीच टाळ्या वाजवून हसली.

घाण्याच्या दिवशी वरद आणि त्याचे मित्र जातं उचलून सोसायटीच्या मांडवात घेऊन आले. जातं एकटं पाठवत नाहीत, त्याची मालकीण बरोबर येते, तिला हळदकुंकू लावून खण देतात. म्हणून काकू आल्या. त्यांची थोरली जाऊ, सोजराबाई, हात धरून घेऊन आली. काकू म्हणाल्या, "मी नुसता हात लावीन." मृदुलानं त्यांना मानानं जात्याशी बसवलं.

"गाणार कोण?" सोजराबाईंनी विचारलं.

"मी," सलोनी म्हणाली. "फोनवरून शिकलेय."

"मग आधी फोनला हळद लाव गं, गुरू हाय तुझा!"

बायका खो खो हसल्या. जयमालाकाकूसुद्धा किंचित हसल्या. जातं फिरू लागलं. सलोनीनं डोळे मिटले.

*हळद दळीते । जातं घुमतं अंगणी*
*वरद नवरा । उभा...*

तिथं ती अडखळली. अगदी त्या बाईसारखी. अर्धा श्वास, आणि मग उसळी.

*...सोन्याच्या रिंगणी*

काकूंचा हात खुंट्यावर थांबला. जातं थांबलं.

"खडा आला का गं?" कुणीतरी विचारलं. काकूंनी मान हलवली आणि पुन्हा जोर लावला. पण त्यांची नजर आता सलोनीच्या तोंडावरून हलेना. जत्रेत हरवलेलं आपलं पोर परक्या बाईच्या कडेवर दिसावं, तशी.

सलोनीला बायकांचा प्रतिसाद मिळाला, हुरूप आला. नाव बदलायचं भान सुटलं. इतके दिवस कानांनी जे साठवलं, ते जिभेनं तसंच्या तसं पुढं टाकलं.

*हळद लाविते । हात थांबंना थांबंना*
*जयदीप बाळाला । दिष्ट कुणाची लागंना*

"अगं बये!" सोजराबाई ओरडल्या. "कुणाचं नाव घेतलंस गं!"

 गावातल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. मृदुलाला काही कळेना. तेव्हा शेजारणीनं तिच्या कानात सांगितलं, आणि मृदुलाचा चेहरा उतरला. काकूंच्या गेलेल्या मुलाचं नाव, आणि ते आपल्या मुलाच्या हळदीत. तिनं वरदकडे पाहिलं.

सलोनी रडकुंडीला आली. "काय झालं? काय चुकलं माझं?"

 मग जयमालाकाकूंनी खुंटा दोन्ही हातांनी धरला. जातं एकदा रिकामंच घरघरलं. त्यांनी डोळे खाली ठेवले आणि गळ्यात गंज चढलेला तो आवाज हळूहळू वर आणला.

*हळद लाविते । हात थांबंना थांबंना*
*वरद बाळाला । दिष्ट कुणाची लागंना*

सलोनीनं झटकन काकूंकडे पाहिलं. तोच आवाज होता. जरा जुना झालेला, पण तोच.

काकूंनी वरदच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली, मृदुलाला म्हणाल्या, "दिष्ट काढली बरं का मी. मनात काय ठेवू नका, ताई." आणि शुभकार्याला पाठ दाखवायची नाही म्हणून मागं सरकत सरकत मांडवाबाहेर गेल्या.

लग्न पार पडलं. जातं परत द्यायला सलोनी गेली, तेव्हा काकू पुन्हा पत्र्याच्या सावलीत होत्या. ती काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "कुठं घावली तुला ती ओवी?"

सलोनीनं फोन पुढं केला. काकूंनी हिरव्या बांगड्यांच्या हातांकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे. त्यांच्याकडे लग्नाचा मोठा अल्बम होता, चित्रणही होतं. पण शूटिंगवाल्यानं त्यावर सनई चढवलेली, माणसांचे आवाज पुसून टाकलेले. लेक त्यात ओठ हलवायचा. ऐकू काही यायचं नाही.

ओवी 'उभा'पाशी आली. मागच्या गलक्यातून एक पोरगा ओरडला, "आयं, मोठ्यानं म्हण की! मागं ऐकू येत न्हाई!" आणि गाणारी अडखळून हसली.

सलोनीनं तो आवाज कितीदा ऐकला होता. तिला तो गलका वाटला होता.

"परत लाव," काकू म्हणाल्या. ती लावत राहिली. मागच्या खोलीतलं कुणी पोर कुशीवर वळलं, तरी काकूंनी आवाज कमी करू दिला नाही.

मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि जात्यात मूठभर ज्वारी टाकली. "बस. चुकीचं शिकलीस, ते तसंच पुढं जायला नको. घर धर माझ्या हाताखाली."

"घर?"

"खुंटा गं. फोननं एवढंबी सांगितलं न्हाई व्हय? खुंटा पुढं आला की श्वास घ्यायचा. मधी न्हाई. नाव वरदचंच घाल, नांदत्या माणसाचं घालावं."

सलोनी गाऊ लागली. 'उभा'पाशी ती अडखळली.

"हिथं थांबायचं न्हाई," काकू म्हणाल्या. "ते गाणं न्हाई. मी हसले होते तिथं."

"काकू, पण ते किती छान..."

"परत."

सलोनी परत अडखळली. पुन्हा परत. जीभ त्या जागी आपोआप ठेचकाळायची आणि प्रत्येक वेळी काकूंचा तळहात तिच्या हातावर जरा घट्ट व्हायचा. "सरळ जा. थांबू नको. सरळ." ज्वारीचं पीठ जात्याभोवती पांढरं रिंगण धरत गेलं. रस्त्यावर कंपनीची बस हॉर्न देऊन गेली, पोरं उठली, नळाला पाणी आलं.

आणि एकदा ओवी त्या जागेवरून सरळ निघून गेली. बुजवलेल्या विहिरीवरून पाऊल जावं तशी. खाली काही होतं, याची खूणही उरली नाही.

*वरद नवरा । उभा सोन्याच्या रिंगणी*

"आता बरोबर," काकू म्हणाल्या.

त्यांनी हात काढून घेतला. बराच वेळ त्या पीठ गोळा करत राहिल्या, सगळं गोळा झाल्यावरही बोटं फरशीवर फिरत राहिली. मग वर न बघता त्यांनी विचारलं,

"त्या फोनातलं तसंच राहतं ना गं? ते कुणी दुरुस्त न्हाई ना करत?"

"नाही, काकू. ते तसंच राहतं."

"मग बरं," जयमालाकाकू म्हणाल्या, आणि जात्यात दुसरी मूठ टाकली.