उघाडीची झडप

दमयंतीचं सकाळपासून कशातच लक्ष नव्हतं. नारळी पौर्णिमेचं उधाण, साडेबाराला भरती, आणि बांधाआड तिचा गुडघाभर आलेला भात. पाम गावच्या खाजणातली, खाडीकाठच्या खारजमिनीतली शेवटची तीन खाचरं! आजूबाजूची जमीन खारानं कधीच पांढरी पडली होती. यंदा हीही गेली की संपलंच.

खाचरातलं पाणी बाहेर सोडायला बांधात उघाडी होती, झडपेची मोरीच म्हणा ना. ओहोटीला तिची लाकडी झडप आपोआप उघडायची, पावसाचं पाणी खाडीत जायचं. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या रेट्यानं मिटायची. पण गेल्या पौर्णिमेला कडेच्या खाचरात खाऱ्या पाण्यानं भाताचे शेंडे करपले आणि दमयंतीच्या डोक्यात भलतंच शिरलं. कोळीवाड्यातली काशीबाई वर्षानुवर्षं ओहोटीला उघाडीच्या तोंडाशी जाळं लावायची. मासळीसाठी हीच झडप उघडी ठेवते, असं म्हणत दमयंतीनं भर बांधावर तिला नको नको ते सुनावलं. अगं, आधी विचारशील की नाही? पण छे! काशीबाईनं मुकाट जाळं गुंडाळलं, ती पुन्हा फिरकली नाही.

आता बारा वाजले होते. पाणी चढत होतं आणि झडप मिटत नव्हती. झडपेच्या उंबऱ्यात तिवराचा ओंडका अडकला होता, त्याला गोणपाट न् प्लास्टिकचा गुंता. फटीतून खाडी भसाभसा आत येत होती. दमयंतीनं ओढलं, लाथा घातल्या, हात सोलून घेतले. ओंडका हलेना. नवरा आत्माराम बोईसरला कारखान्यात.

बांधाच्या टोकाला कोळीवाड्याची नारळाची मिरवणूक चालली होती. लाज गिळून ती तिकडे धावली.

"काशीबाय, ओ काशीबाय! झडप लागत नाय!"

नव्या लुगड्यातली काशीबाई वळली. मग हातातलं ताट तिनं सुनेकडे दिलं, काष्टा खोचला आणि उघाडीशी येऊन तशीच कमरभर पाण्यात उतरली.

"वरून ओढू नको गो, खालून रेट!"

दोघींनी जीव खाऊन रेटलं. ओंडका सुटला, झडप धाडकन बसली.

"महिनाभर कोनी साफ केलं नाय वाटतं?" काशीबाईनं धापा टाकत विचारलं.

"साफ? ते कोन करायचं?"

"मी. दर ओहटीला. कचऱ्यानं जाळं फाटतं माजं."

दमयंती उघाडीकडे बघायला लागली. "मग त्या टायमाला भात करपला तो?"

"खेकड्यांनी बांधाला बिळं पाडलीत. तेच सांगायला आलती त्या दिशी. तू तोंड उघडू दिलंस?"

दमयंती बांधावरून आत उतरली. तिनं कडेच्या खाचरातलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. खारट. दुसऱ्यातलंही खारट. तिसऱ्यापाशी तिचा धीर सुटला, ती बांधावरच बसली आणि रडायला लागली. तेव्हा काशीबाईच वाकली. ओंजळ भरून तोंडाला लावली. थुंकली नाही, गिळली.

"हे गोडं हाय," ती म्हणाली. "ऊठ, चिखल घे. बिळं दाखवते. रातच्याला परत भरती हाय."