हिरव्या पेन्सिलीची यादी

दिवाकरने जलेबीचा पुडा हातात घेतला आणि परत काउंटरवर ठेवला.

“भैया, आधा किलो कर दो.”

“अभी तो आपने एक किलो बोला था.”

“बोला होगा.”

बायकोने, शैलजाने, फोनवर एक किलोच सांगितली होती, तीही खोव्याची, तीही कमानिया गेटचीच. प्रणोतीला पहिल्याच फेरीत पहिली पसंती मिळाली होती. एकुलत्या एका मुलीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश, तोही इथल्याच, जबलपूरच्या सरकारी कॉलेजात. बायको अर्ध्या किलोवर कशी थांबेल? मागची गिऱ्हाइकं ढकलून राहिली होती. दिवाकरने मुकाट्याने पुन्हा एक किलो करायला सांगितली.

त्याचा आनंद सकाळीच नासला होता. फॅक्टरीत त्याच्या इन्स्पेक्शन सेक्शनमध्ये अंबरीश नावाचा नवा इंजिनिअर लागला होता. त्याने अभिनंदन केलं आणि सहज विचारलं, “काका, एवढी चांगली रँक असून पहिली पसंती इथलीच दिली?”

“चान्स पक्का होता ना. पक्कं ते वर.”

“अहो, वर आवडीचं ठेवतात. यादी वरून खाली बघत येतात. वरचं नाही मिळालं तरच खालचं. वरचं मिळालं की खालचं सगळं बाद.”

मग त्याने मोबाइलवर कोणत्या कॉलेजचा शेवटचा नंबर कितीवर थांबला तो तक्ता काढून दिला. दिवाकरच्या यादीत वारंगलचं इलेक्ट्रिकल नवव्या ओळीवर होतं. ते प्रणोतीला साठ नंबर राखून मिळत होतं.

चूक कोणाची, हे शोधायला लांब जायची गरज नव्हती. यादी दिवाकरची होती. तीन रविवार त्याने आलेखाच्या कागदावर मागच्या पाच वर्षांचे आकडे मांडले होते. पक्क्याला हिरवी पेन्सिल, अधल्यामधल्याला पिवळी, अवघडला लाल. हिरवं सगळं वर, लाल सगळं खाली. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे त्याला आईने शिकवलं आणि फॅक्टरीने पक्कं केलं. तीस वर्षं तो मापाचं गेज लावून माल तपासत आला होता. बसला तर पास, नाही बसला तर बाद. त्या मालाला कोणी कधी काही विचारलं नव्हतं.

घर विजय नगरला. पण स्कूटर शहरातल्याच गोरखपूर भागाच्या बाजारातून दोनदा फिरली. एकदा त्याने पेट्रोल भरलं, टाकी अर्धी भरलेली असताना. सांगावं की गप्प राहावं? पोरीला कळणारच नाही कदाचित. खुशीत आहे तर राहू द्यावं. आणि चार वर्षांनी कळलं तर? पुडा हँडलला लटकून गुडघ्यावर आपटत होता आणि त्याला स्वतःचाच राग येत होता.

घरी शैलजा नागपूरला भावाशी फोनवर बोलून राहिली होती. “हो ना रे, पहिलीच पसंती. ह्यांनी तर पूर्ण गणितच मांडलं होतं.” तिने दिवाकरकडे पाहून कौतुकाने मान हलवली. ती मान त्याला सोसवली नाही.

प्रणोती मागच्या गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. त्याने पुडा कठड्यावर ठेवला.

“बेटा, माझ्याकडून मोठी गडबड झाली.”

ती थांबली. त्याने सगळं सांगितलं, सेक्शनमध्ये रिपोर्ट देतो तसं: काय मांडलं, कुठे चुकलं, काय गेलं. शेवटचं वाक्य मात्र नीट आलं नाही. “वारंगल मिळत होतं तुला. माझ्यामुळे गेलं.”

“माहीत आहे, बाबा. मी दुपारीच बघितलं.”

“मग बोलली काहून नाहीस? रागव माझ्यावर.”

“कशाचा राग? मला वारंगल नकोच होतं.”

सकाळपासून जे उरात घेऊन तो शहरभर फिरला, ते तिने टॉवेलची घडी घालता घालता बाजूला केलं. त्याला हायसं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही.

“अच्छा. म्हणजे इथलंच पाहिजे होतं?”

“नाही.”

“मग?”

ती आत गेली आणि त्याचाच आलेखाचा कागद घेऊन आली. बोट सर्वात खाली ठेवलं. तिथे तिच्या अक्षरात एक ओळ होती: एका जुन्या विद्यापीठातलं भूगर्भशास्त्र. त्यावर दिवाकरची पट्टी लावून मारलेली काट आणि बाजूला शेरा, ‘कोणालाही मिळतं.’

त्याला आठवलं. या एका ओळीचे आकडेसुद्धा त्याने काढले नव्हते.

“तुम्ही सगळ्यांचा चान्स सांगितला, बाबा,” प्रणोती हळूच म्हणाली. “मला काय पाहिजे, ते नाही विचारलं. एकदा पण नाही.”

आत शैलजाचा फोन संपला होता. ती जलेबी कुठे ठेवली म्हणून विचारत होती.

“त्याच्या अर्जाची तारीख गेली?” दिवाकरने विचारलं.

“परवापर्यंत आहे.”

दिवाकरचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. “तिथे चान्स...” त्याने सुरुवात केली आणि तिथेच थांबला. पेन्सिल खिशातच राहिली.

“काहून पाहिजे तुला हे?”

तो खरंच विचारतो आहे का, हे तिने आधी नीट पाहिलं. मग पलंगाखालचा बुटाचा खोका घेऊन आली. तो खोका त्याला ठाऊक होता. दिवाळीच्या साफसफाईत दोनदा त्याने फेकायला काढला होता आणि दोनदा तो परत पलंगाखाली गेला होता. आत दगड होते, एकेक कागदात गुंडाळलेले.

“हा भेडाघाटचा ना?” एक पांढरा संगमरवराचा तुकडा उचलून तो म्हणाला. तेवढं जबलपुरात कोणीही सांगेल.

“हो. आणि हा ओळखा.”

तिने त्याच्या तळहातावर एक करडा, खरबरीत तुकडा ठेवला. उन्हाकडे तिरका धरला की त्यात बारीक चमक दिसे. दिवाकरने तो उलटासुलटा करून पाहिला. माल पारखणारा माणूस. पण याला लावायला त्याच्याकडे गेज नव्हतं.

“नाही येत. कुठला?”

“तुमच्या फॅक्टरीच्या गेटसमोरचा. सहावीत असताना तुमचा विसरलेला डबा द्यायला आले होते, तेव्हा उचलला. तुम्ही रोज त्याच्या बाजूनेच स्कूटर काढता.”

तो कठड्याला टेकून खाली फरशीवर बसला.

“बैस,” तो म्हणाला. “आता सुरुवातीपासून सांग.”