पंडुमाआधीचा पाठ

गुणवंतराव झोपले तेव्हा जलालुद्दीन शेख सर 'वर्गात मुलांचं लक्ष कसं टिकवावं' या विषयाच्या तिसऱ्या मुद्द्यावर होते. झोप चोरटी नव्हती. हनुवटी छातीला, हात पोटावर आणि चष्मा काढून खिशात नीट ठेवलेला. म्हणजे माणूस घरूनच ठरवून आला होता. सरांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून चौथा मुद्दा घेतला.

सर केंद्रप्रमुख होते. आसपासच्या गावांतल्या शाळांवर नजर ठेवायची आणि महिन्यातून एकदा सगळ्या मास्तरांना एका शाळेत जमवून शिकवण्याच्या नव्या तऱ्हा सांगायच्या, हे त्यांचं काम. केंद्रप्रमुखाला साहेब मास्तर समजतात, मास्तर साहेब समजतात, आणि चहाची वेळ झाली की दोघांनाही तो दुसऱ्याचा पाहुणा वाटतो. गडचिरोलीच्या जंगलात सर या हुद्द्यावर आले, त्याला बरीच वर्षं झाली होती. घर बल्लारपूरला, बायको जैनब तिथेच. शनिवारी संध्याकाळची बस धरायची, सोमवारी पहाटेच्या बसनं परतायचं, आणि मधले दिवस तालुक्याच्या गावात भाड्याच्या खोलीत स्टोव्हवर खिचडी.

पुण्याहून पुस्तिका येत. चकचकीत कागद, त्यावर गोल करून बसलेली, पायात मोजे घातलेली मुलं. टाळ्या वाजवा, गाणं म्हणा, वस्तू हाताळू द्या, उत्सुकता ताणा, बक्षीस द्या. सर हे सगळं मनापासून सांगत, कारण त्यांचा त्यावर विश्वास होता. बल्लारपूरच्या शाळेत त्यांनी हे पुस्तिका यायच्या आधीच केलं होतं. कागद कारखान्यातल्या कामगारांची पोरं, एका बाकावर चार, आणि सर बोलायला लागले की खिडकीबाहेरून मालगाडी गेली तरी मान वळत नसे. त्या वर्गाच्या जोरावरच त्यांची वर निवड झाली. वर गेल्यावर वर्ग गेला. त्यानंतर त्यांनी मास्तरांनाच शिकवलं. आणि लक्ष न देण्यात मास्तरासारखा विद्यार्थी दुसरा नाही.

त्या मार्चच्या बैठकीत पाचवा मुद्दा संपता संपता नीलाबाई उठल्या. नीलाबाई वरोऱ्याच्या, जिभेला धार, पण शाळा कधी न बुडवणाऱ्या. त्यांनी आधी सरांच्या तब्येतीची चौकशी केली, तेव्हाच सर सावध व्हायला हवे होते.

"सर, दर महिन्याले तुमी सांगून राह्यले, आमी आयकून राह्यलो," बाई म्हणाल्या. "एकदा करून दाखवा ना. खरे पोट्टे घ्या, खरा वर्ग घ्या. आमी मागं बसून पाहू."

वर्गात हसू पसरलं. गुणवंतरावांना त्या हसण्यानंच जाग आली आणि काय चाललंय ते न कळताही त्यांनी मान डोलावली. नाही म्हटलं, तर आजवर सांगितलेलं सगळं खोटं ठरणार होतं. हो म्हटलं आणि पाठ पडला, तरीही तेच. पण सरांना मनात कुठेतरी बरंही वाटलं. इतक्या वर्षांत कुणी त्यांना मुलांसमोर उभं राहा, असं म्हटलंच नव्हतं.

"घेतो," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात. लालसूच्या शाळेत."

लालसू हा केंद्रातला सगळ्यांत नवा मास्तर. शिक्षणसेवक म्हणून लागलेला, अजून कायम न झालेला, पलीकडच्याच गावचा माडिया पोरगा. त्याच्या शाळेतली मुलं बोलत नाहीत, प्रश्न विचारला की जमिनीकडे बघतात, असं सरांनीच दोनदा भेटीच्या शेऱ्यात लिहिलं होतं. सोपी शाळा निवडली असती, तर नीलाबाईंनी तेही बोलून दाखवलं असतं. लालसू मात्र आपलं नाव ऐकून असा दचकला, जणू पाठ त्यालाच घ्यायचा होता.

महिनाभर सरांनी तयारी केली. तिसरी-चौथीचा वर्ग, विषय समान वाटणी. वस्तू कोणत्या घ्यायच्या यावर ते खोलीत एकटेच वाद घालत. गोट्या नको, खडे नको. चिंचोके तर सगळेच घेतात. मग एका सकाळी घरमालकाच्या अंगणातल्या आंब्याच्या कैऱ्या वाऱ्यानं खाली पडल्या आणि सरांना एकदम सगळा पाठच दिसला. हिरव्यागार, टणक, देठाशी चिकाचा थेंब असलेल्या कैऱ्या. वाटून झाल्या की कापायच्या, तिखट-मीठ लावायचं आणि ज्याची वाटणी बरोबर त्यानं आधी खायची. लक्ष, आवड, बक्षीस, सगळं एका फळात. बल्लारपूरला कैरी पाहून स्वस्थ बसलेलं पोर त्यांना आठवत नव्हतं.

शनिवारी सकाळच्या शाळेला सर कापडी पिशवी घेऊन पोहोचले. पिशवीचं तोंड सुतळीनं घट्ट बांधलेलं. लालसूनं पुढे होऊन ती घ्यायला हात केला आणि सहज विचारलं, काय आणलं म्हणून. सर डोळे मिचकावून म्हणाले, आत्ता नाही, उत्सुकता ताणायची असते. मग मास्तरांना मागच्या भिंतीशी बसवून त्यांनी आपला नेहमीचा नियम सांगितला: निरीक्षण करणाऱ्यानं पाठ संपेपर्यंत बोलायचं नाही, उठायचं नाही, मुलांना खुणा करायच्या नाहीत. हा नियम ते प्रत्येक प्रशिक्षणात सांगत.

सुरुवात झकास झाली. सरांनी टाळीचा खेळ घेतला. पहिल्यांदा मुलं बिचकली, दुसऱ्यांदा दोघं-चौघं हसली, तिसऱ्यांदा सगळा वर्ग एका ठेक्यात आला. गुडघे कुरकुरत असतानाही सर मुलांत खाली मांडी घालून बसले. चैतू नावाचं मुडदुशा अंगाचं पोर टाळी चुकलं की स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेई. सरांनीही तसंच केलं आणि मुलं खिदळली. मागच्या भिंतीशी नीलाबाईंच्या भुवया वर गेल्या. सरांच्या अंगात जुनी ऊब परत येऊ लागली. हात विसरले नव्हते.

मग त्यांनी पिशवी पुढ्यात घेतली, कानाशी नेली, हलवली. आत काय असेल? मुलं पुढे सरकली. सरांनी सुतळी सोडली आणि कैऱ्या वर्गाच्या मधोमध ओतल्या.

वर्ग थांबला.

सरांना आधी वाटलं, आनंदानं थांबला. त्यांनी समोरच्या मुलीला, करिश्माला, सांगितलं की या कैऱ्या चार जणांत सारख्या वाटून दाखव. करिश्मानं हात पाठीमागे नेले. दुसऱ्या मुलाला सांगितलं. त्यानं बोटं मुठीत मिटली. मुलं बसल्या जागी मागे सरकायला लागली, हळूहळू, जमीन न सोडता. सरांनी पुन्हा टाळी वाजवली. एकाही हातानं साथ दिली नाही. त्यांनी गाणं सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीवर त्यांना त्यात फक्त आपलाच आवाज ऐकू आला.

मागे लालसू अर्धवट उठला होता. तोंड उघडलेलं. सरांनी मान न वळवता हातानं त्याला खाली बसवलं. तो बसला. नियम होता.

आता भिंतीशी कुजबुज सुरू झाली आणि आज गुणवंतराव टक्क जागे होते. सरांनी शेवटचा उपाय केला. खिशातून तिखट-मिठाची पुडी काढून उघडली, एक कैरी उचलून चैतूच्या हातात ठेवली आणि त्याची बोटं आपल्या हातानं तिच्यावर मिटवली.

"घे ना बेटा. तुझीच आहे."

चैतूनं कैरीकडे पाहिलं. त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं सरांना दिसलं; गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली. मग त्यानं कैरी जमिनीवर ठेवली, हात चड्डीला खसखसून पुसला आणि आवाज न करता रडायला लागला.

लालसूनं नियम मोडला. तो पुढे आला, सरांच्या शेजारी उकिडवा बसला आणि अगदी हळू, जणू स्वतःचीच चूक सांगत असल्यासारखा म्हणाला, "सर, आमच्यात मरका पंडुम, आंब्याचा सण, झाला नाई अजून. नवा आंबा पहिले देवाले. त्याच्या आधी कोणी तोडत नाई, खात नाई. लेकरं हातपन लावत नाईत."

इतकी वर्षं या जंगलात, दर एप्रिलमध्ये याच रस्त्यानं, आणि या गावांतल्या आंब्याखाली पडलेल्या कैऱ्या कुणी उचलत कसं नाही, हे सरांना कधी दिसलं नव्हतं. दिसलं असेल, लक्ष गेलं नव्हतं. समोर आठ-नऊ वर्षांची पोरं, कैरीचा आंबट वास नाकात, आणि एकाचाही हात पुढे नाही. हे पुस्तिकेच्या कुठल्याच पानावर नव्हतं.

त्यांनी चैतूच्या डोक्यावर हात ठेवावा असा विचार केला आणि ठेवला नाही. मुलांना म्हणाले, "चूक माझी झाली, बेटा. मले माहीत नव्हतं." लालसूनं ते गोंडीत सांगितलं. मग सरांनी गुडघ्यावर जोर देऊन उठत एकेक कैरी पिशवीत परत भरली. कुणी मदतीला आलं नाही, येणं शक्यही नव्हतं. समान वाटणी फळ्यावरच राहिली.

पाठानंतर चर्चा घ्यायची पद्धत होती, म्हणून ती झाली. गुणवंतरावांनी या केंद्रात आल्यापासूनचं सगळ्यांत लांब भाषण त्या दिवशी केलं. स्थानिक परिस्थितीचा अभ्यास, पूर्वतयारी, मास्तर आणि अधिकारी यांच्यातला समन्वय. सगळे शब्द सरांचेच होते, आणि ते झोपेत ऐकलेले असूनही बिनचूक होते. शेवटी त्यांनी लालसूकडे मोर्चा वळवला.

"तुले माहीत होतं तं तू काऊन नाई सांगतलं, बावा? सरायची अशी फजिती कराची रायते का?"

लालसू जमिनीकडे बघू लागला, थेट त्याच्या विद्यार्थ्यांसारखा. सगळ्यांच्या नजरा सरांकडे गेल्या. वाट मोकळी होती. पोरगा नवा आहे, अजून कायम झालेला नाही, सांगायला हवं होतं. एवढं म्हटलं असतं तर पाठ लालसूच्या नावावर पडला असता आणि सरांची पत थोडी फाटून का होईना अंगावर राहिली असती. नीलाबाईसुद्धा त्यावर काही बोलल्या नसत्या.

"त्यानं पिशवीत काय आहे ते विचारलं, मी सांगितलं नाही," सर म्हणाले. "मग तो सांगायला उठला, तर मी बसवलं. पाठ माझा पडला, गुणवंतराव. तसंच लिहा."

कुणी काही लिहिलं नाही. थोड्या वेळानं नीलाबाई म्हणाल्या, "टाळीपर्यंत मस्त होतं, सर." त्या टोमणा मारत नव्हत्या, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

खिचडीची पंगत बसत होती, तेवढ्यात जंगू आला. जंगू गावचा गायता, म्हणजे देवाचं सगळं पाहणारा म्हातारा. कुठल्या तरी पोरानं घरी जाऊन सांगितलं असणार. तो रागावलेला नव्हता, थकलेला होता. पंडुमाआधीची कामं त्याच्याही अंगावर होती. त्यानं सरांना हात जोडले, सरांनी त्याला. नवं फळ गावात आलं, त्याचं काय करायचं ते आम्ही पाहू, तुम्ही परके, तुम्हाला कुठून कळणार, असं तो म्हणाला. फक्त पिशवी गावात राहू नये.

"इथी टाकू नका, भाऊ. नाल्याच्या पलीकडं न्या. शिवाराच्या भाईर."

लालसूनं पिशवी उचलायला हात घातला. सरांनी त्याचा हात बाजूला केला. तुला इथे राहायचं आहे, एवढंच ते म्हणाले. गुणवंतरावांनी तोंडात घास असतानाच मोटारसायकलची किल्ली काढून दाखवली. सर नको म्हणाले. कुणाच्या मागे बसून, लोकांना हात दाखवत नेण्यासारखं ते ओझं नव्हतं.

बाहेर ऊन तापलं होतं. शाळेपासून नाल्यापर्यंतचा रस्ता सरळ, उघडा, कुठे आडोसा नाही. सर पिशवी खांद्याला लावून निघाले. थोडं पुढे गेल्यावर त्यांना जाणवलं की मागचा आवाज बंद झाला आहे. ताटांचा खणखणाट नाही, पळापळ नाही. फळ्यावर लिहिताना पाठीमागचा वर्ग आपल्याकडे बघतो आहे की नाही, हे चांगल्या मास्तराला मान न वळवता कळतं, पाठीला कळतं. शाळेच्या कुंपणाशी मुलं येऊन उभी राहिली होती. सगळी. कुणी बोलत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं, एकही नजर इकडेतिकडे नव्हती.

आणि वळून पाहिलं की वर्ग मोडतो, हेही सरांना माहीत होतं. त्यांनी पाऊल आणखी थोडं सावकाश केलं आणि नाल्याकडे चालत राहिले.