दिसलं नाही म्हणणाऱ्या मावशी

मित्रांनो, असे टक लावून पाहू नका. मी एक जुना, पोट सुटलेला मॉनिटर आहे आणि टक लावून पाहणाऱ्यांवर माझा मुळीच भरवसा नाही. कारखान्यात माझी काच इतक्यांनी उलटसुलट तपासली की संशय माझ्या अंगातच मुरला.

पुढे मी मनाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत आलो. काळोख्या खोलीत मी एक त्रिकोण किंवा वर्तुळ क्षणभर चमकवायचो आणि लगेच त्यावर ठिपक्यांची जाळी टाकायचो. आकार झाकला जायचा. दिसला नाही तरी समोरच्याने अंदाजाने त्रिकोणाचे किंवा वर्तुळाचे बटण दाबायचे. माझ्या वेगाचे तेव्हा फार कौतुक होते.

संशोधक मॅडमचा ठाम समज होता, की जे दिसत नाही ते मनात पोचत नाही. म्हणजे निम्मी बटणे चुकायलाच हवीत. पहिल्याच दिवशी शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आल्या. दर वेळी म्हणायच्या, "काही दिसलं नाही बाई." आणि बटण मात्र बहुतेक वेळा बरोबर! मला वाटले, ही बाई आपल्याला बनवते आहे. मॅडमनाही तेच वाटले.

"मावशी, दिसत असेल तर सरळ सांगा ना. खोटं कशाला बोलता?"

मावशी ताडकन उठल्या. "उरलेली चिंधीसुद्धा गिऱ्हाइकाला परत देते मी. लबाड म्हणवून घ्यायला नाही आले इथे!" दार आपटून त्या गेल्या.

नंतर आलेल्यांचेही तसेच होऊ लागले. सगळेच कसे खोटे बोलतील? शेवटी मॅडम स्वतः माझ्यासमोर बसल्या. त्यांना काहीच दिसले नाही. निकाल पाहिला, तर बहुतेक उत्तरे बरोबर! डोळ्यांनी पाहिले होते, फक्त मॅडमना त्याचा पत्ता नव्हता.

त्यांनी तिथूनच फोन लावला. "मावशी, तुम्ही खरं बोलत होता. माझं चुकलं. परत याल का?" पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही.

आता माझ्या जागी एक सपाट पडदा आहे. त्याच्यावरही माझा विश्वास नाही. मी कोपऱ्यात धूळ खात पडलो आहे. मित्रांनो, जमले तर माझी काच पुसा. पण कुणाला खोटे ठरवण्याआधी एकदा त्याच्या खुर्चीत बसून पाहा. माझ्यावरची धूळ फडक्याने निघेल. मावशी मात्र परत आल्या नाहीत.