झाकणांची बाग

दुसऱ्यांच्या भांड्यांचा मला मोह नाही, हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढचं वाचून तुम्हाला तसं वाटणार आहे.

माणिकपुरात आमची तीन मजल्यांची इमारत, बारा घरं. तळमजल्याला मी आणि चंद्रहासराव. आमच्या इमारतीत भांडी फार फिरतात. कुणी चकल्या पाठवतं, कुणी घावन, कुणी नारळाच्या वड्या, आणि आलेला डबा रिकामा परत द्यायचा नाही, असा सगळ्या बायकांचा नियम. म्हणून तर प्रत्येक भांड्यावर दुकानातून नाव घालून घेतलेलं असतं, डब्यावर वेगळं आणि झाकणावर वेगळं. आता मी डबे वेळेवर परत केले, त्यात काही ना काही घालून केले. झाकणं तेवढी मागे राहिली. एकोणीसशे नव्याण्णव साली माझ्या ओट्याखाली अशी आठ झाकणं जमली होती. ती मागायला कुणी आलं नाही, कारण माझी पाच त्यांच्याकडे होती.

स्वयंपाकघराच्या मागे, कुंपणाच्या भिंतीला लागून सहा फुटांची मातीची पट्टी होती. तिथे मी झाडं लावली. रोपं हंसाने आणून दिली. हंसा खाडीकाठच्या गावातली, शेती घरची. आमच्या इमारतीत वांगी, मिरच्या विकायला यायची आणि जाताना मला दोन गोष्टी सुनवायची. माझी बाग पाहून ती पहिल्यांदा जे हसली ते मी अजून विसरलेले नाही. पण रोपं चांगली दिली तिने: मोगरा, अबोली, जास्वंद, कढीपत्ता, गवती चहा, अळू, कारलं, अशी डझनभर.

पहिल्याच आठवड्यात झाडूवाल्याने माझी आंबेहळद गवत समजून उपटली. माझं डोकं फिरलं. झाडांना पाट्या हव्यात, असं मी ठरवलं. पाट्या विकत घ्यायला मी काही नगरपालिका नव्हे. मोडक्या छत्र्यांच्या काड्या घरात ढीगभर होत्या. ओट्याखालची झाकणं काढली, खिळ्याने भोक पाडून काडीला तारेने बांधली, कडेने उरलेल्या नेलपॉलिशची नक्षी काढली. मग ती स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानात नेली आणि मालकिणीच्या नावाखाली झाडाचं नाव घालून आणलं. दुकानदाराने "सौ. स्वप्ना जितेंद्र" या ओळीखाली "मोगरा" घालताना माझ्याकडे एकदा पाहिलं, पण विचारलं काही नाही.

स्वप्ना दुसऱ्या मजल्यावरची, जेमतेम पस्तिशीची, अबोल. तिचा नवरा जितेंद्र आमच्या सोसायटीचा अध्यक्ष. चौथ्या दिवशी ती मागच्या बाजूला कपड्याचा पडलेला चिमटा शोधायला आली आणि आपलं झाकण मोगऱ्याशेजारी उभं असलेलं तिने पाहिलं. ती माझ्या खिडकीशी येऊन उभी राहिली.  तिने तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकलं, की हा मोगरा मी तुझ्या नावाने लावलाय, प्रत्येक घराच्या नावाने एकेक झाड लावतेय. खोटं इतकं सहज आलं की मलाच ते खरं वाटलं. स्वप्ना आपला चिमटा उचलून वर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तांदूळ धुतलेलं पाणी घेऊन खाली आली.

एप्रिलात फलकावर सूचना लागली. मागच्या मोकळ्या जागेत सिमेंटच्या लाद्या घालून स्कूटरी लावायची सोय करायची, निर्णय मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सभेत. खाली जितेंद्रची सही. या जितेंद्रचा सातिवलीला सिमेंटच्या लाद्यांचा कारखाना आहे, हे मी आपलं सहज सांगते.

मी चंद्रहासरावांना विचारलं, आता काय करायचं? ते म्हणाले, बघू. बत्तीस वर्षांच्या संसारात या "बघू"तून काही निघालेलं मी पाहिलेलं नाही. माझ्या हातात तर काहीच नव्हतं. एका घराला एक मत, तेही नोंदवहीत ज्याचं नाव त्याचं, आणि आमचं घर यांच्या नावावर. बाग मात्र मला जिवापाड आवडायला लागली होती. दोन्ही मुलं लग्न होऊन लांब गेलेली. सकाळी उठून ज्याच्याकडे धावत जावं असं माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. हे मी कुणाला बोलले नाही, पण खरं तेच होतं.

मग मी स्वप्नाला मारलेली थाप खरी करायला घेतली. झाकणं आठ, घरं बारा. आमच्या घराला आमचंच एक झाकण धरलं तरी तीन कमी पडत होती. तेव्हा मी माझी झाकणं शोधण्याच्या निमित्ताने दारोदार फिरले. काय सांगू, प्रत्येकीच्या ओट्याखाली दुसरीचं काहीतरी होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या निधीकडे तर तळमजल्यावरच्या आल्बिनाची अख्खी किसणी निघाली. मला हवी ती तीन झाकणं घेऊन मी खाली उतरले आणि आठवड्याभरात बारा झाडांना बारा नावं लागली.

गंमत अशी की माणसं झाडासाठी येत नाहीत, आपल्या नावासाठी येतात. ज्यांना तुळस आणि ओवा यातला फरक कळत नव्हता ते ऑफिसातून आल्यावर बॅग न ठेवता मागे डोकावू लागले. तेव्हा आमच्याकडे पाणी दिवसाआड यायचं, तरी लोक तांब्या-तांब्या वाचवून आणायचे. निधीचा नवरा कल्पेश आपल्या अबोलीकडे रोज संध्याकाळी असा बघायचा की निधीने मला हसून सांगितलं, माझ्याकडे एवढं कधी बघितलं नाही. कुणाचं झाड किती वाढलं यावर जिन्यात चर्चा व्हायची. बारापैकी पाच घरं बागेच्या बाजूची झाली, हे मी बोटांवर मोजून काढलं. सातवं मत लांब होतं, निदान सहावं तरी हवं होतं.

आणि नेमकी कल्पेशची अबोली माना टाकायला लागली. त्याने तिला आठवड्याचं पाणी एका दिवशी घातलं होतं. हंसा अबोलीजवळ उकिडवी बसली, माती चाचपली आणि म्हणाली, "ताय, ही आता नाय जगायची. एवढा पानी तर आमी भातालाबी नाय देत." कल्पेशचं मत काठावर होतं. मेलेलं झाड बघून तो लाद्यांकडे झुकणार, हे मला दिसत होतं.

तेव्हा मी जे केलं ते दुपारी दोन वाजता केलं, इमारत झोपलेली असताना. छत्रीची काडी उपटायला कितीसा वेळ लागतो. कल्पेशचं झाकण उचललं आणि टवटवीत जास्वंदीशेजारी खोचलं. जास्वंद ज्यांच्या नावाची होती ते लाद्यांच्या बाजूचे, त्यांना अबोली दिली. "अबोली" आणि "जास्वंद" ही अक्षरं नेलपॉलिशच्या फुलांनी झाकून टाकली. कल्पेशला फरक कळला नाही. अबोलीवर एका रात्रीत चमत्कार झाला, असं तो निधीला सांगत होता.

मग मला चटकच लागली, बाकीच्या झाडांची नावंही एकेक करून फुलांखाली गेली. कुणी जिन्यात लाद्यांची स्तुती केली की संध्याकाळी त्याचं नाव किडलेल्या वांग्याशेजारी. कुणी माझ्या बाजूने बोललं की त्याला भरघोस कढीपत्ता. जितेंद्रच्या एका मित्राला मी तीन दिवसांत तीन आजारी झाडं दिली. तो बिचारा औषध विचारायला माझ्याकडेच आला. मला पाप लागेल, असं हंसा म्हणायची आणि मग तीच पुढची काडी खोचायला जागा दाखवायची.

मे महिन्यात मोगरा बहरला. सगळ्या बागेत तसं झाड नव्हतं. ते स्वप्नाचं होतं, म्हणजे जितेंद्रच्या घरचं, आणि ते मत तर कधीच गेलेलं. त्या घरावर एवढं झाड फुकट कशाला घालवायचं, असा मी हिशोबी विचार केला. दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांचं मत डळमळत होतं. सभेच्या तीन दिवस आधी, भर दुपारी, मी स्वप्नाचं झाकण काढून अळवापाशी खोचलं आणि आजोबांचं मोगऱ्यापाशी नेलं.

मागे वळले तर स्वप्ना उभी होती. हातात तांदळाचं पाणी. मोगऱ्याच्या बुंध्याला हिरवा लोकरीचा धागा बांधलेला होता, तो मला तेव्हा पहिल्यांदा दिसला.

"काकू," ती म्हणाली, "माझं झाड कुठलं ते मला झाकणावरून नाही कळत."

तिने मोगऱ्याला पाणी घातलं आणि वर निघून गेली. मी तशीच काडी हातात धरून उभी राहिले. एवढी लाज मला लग्नात उखाणा विसरले तेव्हाही वाटली नव्हती.

सभा गच्चीवर होती. सगळी घरं जोडीने आली होती, कारण सभेनंतर वडापाव होते. सचिव मायकल, शाळेत गणित शिकवणारा, नोंदवही मांडीवर घेऊन बसला होता. जितेंद्रने लाद्यांचे फायदे सांगितले. मग मायकलने दोन्ही बाजूंनी कुणाला बोलायचंय का विचारलं, आणि स्वप्ना उभी राहिली.

तिने सगळं सांगितलं. काकू दुपारी पाट्या हलवतात, अबोली मेलेली आहे, जास्वंद जास्वंदच आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. गच्चीवर जो गोंधळ उठला तो विचारू नका. कल्पेश माझ्याकडे असा बघत होता जणू मी त्याचं मूल बदललं. जितेंद्र गालातल्या गालात हसत होता. मी मान खाली घातली. दुसरं काय करणार, शब्द न् शब्द खरा होता.

मायकलने लगेच मतं घेतली. लाद्यांना हात वर झाले: पाच. मग थोडं थांबून सहावा हात वर गेला, तो माझ्या शेजारचाच होता. चंद्रहासराव. त्यांनी गपचूप स्कूटरसाठी नाव नोंदवलं होतं, हे मला त्या क्षणी, त्या वर गेलेल्या हाताखाली बसून कळलं. बागेसाठी हात वर झाले पाच. त्यात कल्पेशचा होता. त्याने मला नंतर सांगितलं की जास्वंदीवर त्याचा जीव जडला होता, नाव कुणाचंही असो. एक घर, तेच ते आजोबा, तटस्थ राहिलं. सहा विरुद्ध पाच. संपलं सगळं, असं मला वाटलं. 

मायकल नोंदवहीत बोट फिरवत म्हणाला, की एक अडचण आहे. जितेंद्रने हात वर केलाय, पण त्यांचं घर सौभाग्यवतींच्या नावावर आहे. धंद्यातली माणसं घर बायकोच्या नावावर घेतात, त्यात नवल काही नाही. पण मग मत कुणाचं, हा प्रश्न इतकी वर्षं कुणाला पडला नव्हता, खुद्द जितेंद्रलाही नाही. मत स्वप्नाचं होतं.

जितेंद्र तिला म्हणाला, कर हात वर आणि आटप. स्वप्नाने त्याच्याकडे न बघता मायकलला विचारलं, माझं मत खरंच माझं आहे ना?

"बागेला," ती म्हणाली. "तो मोगरा मी लावला नाही, पण त्या घरात राहून मी माझं म्हणून वाढवलेलं तेवढंच आहे."

पाच विरुद्ध सहा. मायकलने दोनदा मोजलं, गणिताचा मास्तर असून.

मी तिच्यापाशी गेले आणि सर्वांसमोर तिची माफी मागितली. सगळ्या इमारतीत एकच झाड खरोखर कुणाचं तरी झालं होतं, आणि मी नेमकं तेच उचलून दुसऱ्याला दिलं होतं. ती हसली आणि तिने मला विचारलं, की बारा पाट्यांत तुमच्या नावाची कुठली? मी सांगितलं, गवती चहाची. मग आठवलं, की तिच्यावर "चंद्रहास" आहे. माझ्या घरातल्या एकाही भांड्यावर माझं नाव नव्हतं, आणि बत्तीस वर्षं रोज घासून ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी चंद्रहासरावांचं जेवणाचं ताट पिशवीत घातलं आणि भांड्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने ताट उलटंसुलटं करून पाहिलं, नाव तर आहे म्हणाला. मी पालथ्या बाजूवर घालायला सांगितलं, फक्त "वसुंधरा", मोठ्या अक्षरांत. झाडाचं नाव काय घालू, असं त्याने आता न सांगताच विचारलं. म्हटलं, झाड नको, कुंपणावर लावायचंय.

रात्री चंद्रहासराव पाटावर बसले आणि आपलं ताट कुठंय, असं विचारू लागले.

"बघू," मी म्हटलं, आणि त्यांना वाटीत भात वाढला.