तेच कुलूप

नोट चार घड्यांची होती, आणि इतकी सपाट, की भूगोलाच्या पुस्तकाचं जुनं कव्हर काढताना अरुणाला आधी ती कागदाचीच दुमड वाटली – ब्राऊन पेपर कमी पडला की चारू आतून असंच काहीतरी ठिगळ लावते… मग कोपरा दिसला. निळ्या शाईचा डाग पडलेला. पर्समध्ये पेन गळलं होतं तेव्हाचा डाग, दहाच्या नोटेवर, श्रावणात.

आणि तिला पहिल्यांदा बरं वाटलं. सापडली एकदाची! हे असं बरं वाटणं, अगदी क्षणभराचंच, पण पहिलं – हे तिला पुढे दिवसभर डाचत राहिलं. कारण त्यानंतरचा विचार सगुणाचा होता, आणि तो आल्यावर हातातली कात्री जमिनीवर ठेवून ती तशीच बसून राहिली. भोवती डिंकाची बाटली, लेबलं, चौथीची सहा पुस्तकं. दिवाळीची सुट्टी संपली, उद्या शाळा. सुधीर कारखान्यात पहिल्या पाळीला, रविवार असून. बाहेर मोकळ्या प्लॉटवर चारूचा आवाज येत होता, "मी आउट नाय, मी आउट नाय!" घसा फोडून. आउट असली की ती असंच ओरडते.

तीन वर्षांपूर्वी गिरगाव सोडून वाशीला आलो तेव्हा या अख्ख्या बिल्डिंगीत दोन बिऱ्हाडं होती. चिखल, खाडीवरून येणारा वारा, आणि दूध आणायचं म्हटलं तरी अर्धा तास चालायचं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर एक बाई भाजीची पाटी घेऊन बसलेली असायची – तळमजल्यावरच्या आपल्या दारापासून चार हातांवर. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं होतं, "तुमच्या मोरीखाली आमचा बांध व्हता, बाय." तक्रार म्हणून नाही, पाहुण्याला आपलं घर दाखवावं तशी. अरुणा "असं का" म्हणाली होती. दुसरं काय म्हणतात अशा वेळी, ते तिला आजही माहीत नाही. शेत सरकारने घेतलं, त्यावर चार मजले उभे राहिले, आणि सगुणा आपल्याच शेतात, पायरीवर बसून, माठाच्या जुड्या विकत होती.

अरुणाचं ऑफिस फोर्टात. सकाळी सातची बस, संध्याकाळी सात वाजता घर, तेही खाडीच्या पुलावर गाडी बंद पडली नाही तर. चारूची शाळा साडेबाराला सुटणार. किल्ली सगुणाकडे द्यायची हे कधी ठरलं तेही आठवत नाही, एका सोमवारी दिली आणि मग रोजचंच झालं. सगुणाने तिला हिरवा नायलॉनचा दोरा बांधला, भावाच्या जाळ्यातला, आणि ती कमरेला खोचून टाकली. "आता माजा जीव जाईल, पन चावी नाय जायाची." दुपारी ती दार उघडून द्यायची, चारूचे कपडे बदलून होईपर्यंत उंबऱ्याबाहेर उभी राहायची. आत या म्हटलं तरी नाही. "पायाला चिखल हाय, तुमची लादी घान व्हईल." उन्हाळ्यातसुद्धा तिच्या पायाला चिखल असायचा!

एकदा बस खरोखरच पुलावर बंद पडली. रात्री नऊ वाजता अरुणा धावत आली तर सगुणा पायरीवर, मांडीवर झोपलेली चारू, अंगावर सगुणाच्या लुगड्याचा पदर. तिची स्वतःची तीन पोरं गावात उपाशी. अरुणाला रडूच कोसळलं होतं. "आल्याव ना? मंग झाला," एवढं म्हणून ती पाटी उचलून अंधारात निघून गेली होती. त्या दिवसापासून मी तिला मैत्रीण म्हणत होते. मनात. ऑफिसात सांगताना 'आमची भाजीवाली' म्हणायचे.

आणि मग श्रावणातली ती संध्याकाळ. दुधाच्या पैशांचा पितळी डबा, त्यात दहा रुपये कमी. स्वयंपाकघराच्या दारात चारू उभी, एका पायाने दुसरा पाय खाजवत. अरुणाने विचारलं – अगदी सहज, तिच्याकडे न बघता – "आज सगुणामावशी आत आल्या होत्या का गं?"

चारूने डब्याकडे बघितलं. आईकडे बघितलं.

"हो."

एवढंच. एका अक्षराचं खोटं.

सुधीर म्हणाला, "मी आधीच सांगत होतो, बाहेरच्या माणसाच्या हाती घर द्यायचं नसतं." त्याने आधी असं काहीही सांगितलेलं नव्हतं. अरुणा मात्र रात्रभर शब्द जुळवत पडली होती. आरोप करायचा नाही, भांडण नाही, आपण सुशिक्षित माणसं. सकाळी ती पायरीशी थांबली, हसलीसुद्धा. "सगुणाबाई, कुलूप बदलायचंय हो, खराब झालंय. ती किल्ली द्या जरा."

सगुणाने कमरेची किल्ली काढली. एकदा तिच्याकडे बघितलं.

"नवी चावी?"

"देते की. कुलूप आणलं की देते."

कुलूप आणलं नाही. चारूच्या गळ्यात तीच किल्ली अडकवली, फ्रॉकच्या आत, त्याच हिरव्या दोऱ्याला आणखी सुतळी जोडून. गाठ सोडवायचा अरुणाने प्रयत्न केला होता, सुटली नाही. सगुणा त्यानंतर आठ दिवस पायरीवर बसली, आणि नवव्या दिवसापासून पलीकडे बसस्टॉपजवळ बसायला लागली. तिथे गिऱ्हाईक जास्त, असं अरुणाने स्वतःला सांगून टाकलं. तीन महिने ती बसस्टॉपवर जाताना दुसऱ्या बाजूला बघते. बस येतेय का, ते बघते…

जेवायला चारू घरात आली, घामाघूम, गुडघ्याला माती. नोट पाटावर ठेवलेली होती. ती दिसताच तिच्या चेहऱ्यावरचा खेळ उतरला, आणि अरुणाला वाटलं, हा चेहरा मी बघितलाय – श्रावणात, स्वयंपाकघराच्या दारात.

"का घेतलीस?"

चारूने गुडघ्यावरची माती नखाने खरवडली.

"चारू, काय आणायचं होतं तुला?"

"काही नाही. नुसती घेतली. परत ठेवणार होते. पण तू डबा बघितलास ना लगेच."

"आणि नंतर? इतके दिवस?"

"नंतर कशी ठेवू? मावशीने घेतली होती ना."

ती हे इतक्या सरळपणे म्हणाली की अरुणाचा हात जो उगारायला निघाला होता तो तसाच राहिला. पोरीचं गणित बरोबर होतं. सगुणाने घेतलेली नोट डब्यात कशी सापडणार?

"मग मावशींचं नाव का घेतलंस तू? लाज नाही वाटली? त्या तुला मांडीवर…"

"मी कुठे घेतलं?" चारूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती मागे सरली नाही. "तू घेतलंस."

अरुणाने वरणाची वाटी पुढे सरकवली. जेव, म्हणाली. आपल्याला राग यायला हवा, असं तिला वाटत होतं. राग आला असता तर बरं झालं असतं, दोन धपाटे घालून मोकळं होता आलं असतं. पण मी नाव घेतलं होतं हे खरंच होतं. आणि मला माहीत होतं की सगुणा आत येत नाही. तीन वर्षांत एकदाही आली नाही. उत्तर माहीत असताना मी विचारलं, आणि नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडून ऐकून घेतलं – कारण दुसरं उत्तर घरात होतं, आणि ते मला नको होतं.

साडेतीनला सुधीर आला. नोट बघून म्हणाला, "सापडली ना? मग संपला विषय." चहा घेऊन तो शेजारच्या बिल्डिंगीत पत्त्यांना गेला. विषय संपवणं त्याला छान जमतं. अरुणाने पाच वाजता साडी बदलली, चारूला चपला घाल म्हटलं, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरून निघाली. रस्ताभर ती वाक्यं जुळवत होती. श्रावणातल्यासारखीच. सगुणा चिडेल, चारचौघांत शिव्या घालेल, आगरी बायका घालतात तशा. घालू दे. तिला वाटलं, घालावीच तिने.

सगुणा जुड्यांवर पाणी शिंपडत होती.

"या. माट देऊ? ताजा हाय."

"सगुणाबाई… तेव्हा दहा रुपये हरवले होते आमचे. सापडले आज. चारूच्या पुस्तकात होते."

"बरा झाला."

"मला वाटलं होतं… म्हणजे तुमच्याबद्दल मी…"

"मना म्हाईत हाय." तिचा हात थांबला नाही. "कुलूप त्याच व्हता ना. आठ दिस बगत व्हते. म्हनला आज बदलतील, उद्या बदलतील."

हे तिच्या जुळवलेल्या वाक्यांत कुठेच नव्हतं. रोज सकाळी ती ते कुलूप लावत होती, सगुणाच्या डोळ्यांसमोर, चार हातांवर. तिने मूठ उघडून किल्ली पुढे केली. "ही घ्या. उद्यापासून शाळा आहे तिची."

सगुणाने किल्ली घेतली. हिरव्या दोऱ्याची गाठ अंगठ्याने चाचपली, ओढून बघितली, आणि किल्ली पुन्हा अरुणाच्या तळव्यावर ठेवली.

"नको, बाय."

"पोर लहान आहे हो, तिला कळलं नाही…"

"पोरीचा काय नाय. पोरा करतात." आता तिने वर बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, आणि अरुणा तोच शोधत होती. "तुमी मना इचाराचा व्हता. सगुना, तू घेतलास का – येवराच. मी नाय म्हनले असते. तुमाला पटला असता, नायतर नसता पटला. पन मना इचाराचा व्हता."

एक गिऱ्हाईक आलं, मुळ्याचा भाव विचारू लागलं. सगुणा तिकडे वळली. मग काहीतरी आठवल्यासारखी मान वळवून तिने अरुणाच्या मागे उभ्या असलेल्या चारूकडे बघितलं. "वारलीस गो," म्हणाली, हाताने तिची वाढलेली उंची दाखवत. आणि अरुणाला, हळू, "मारू नका तिला."

परत येताना चारूने मध्येच बोट धरलं, तिने धरू दिलं. जावं आणि सांगून टाकावं की मन मोकळं होईल, असं तिला दिवसभर वाटत होतं. सांगून झालं होतं. मोकळं काही झालं नव्हतं. जे गेलं ते चारूच्या एका 'हो'ने गेलं नव्हतं, आणि म्हणून चारूने कितीही कबूल केलं तरी ते परत येणार नव्हतं – आपली मैत्रीण गेली, असं तिला आज पहिल्यांदा त्या शब्दात वाटलं, आणि तो शब्द तिने सगुणासमोर कधीच उच्चारला नव्हता.

दाराशी आल्यावर चारू म्हणाली, "दे, मी उघडते. मला येतं."

अरुणाने किल्ली दिली. चारूने दप्तर नसतानाही सवयीने खांदा उतरवला, टाचा उंचावल्या, एका हाताने कुलूप वर उचलून धरलं. रोज दुपारी ही असं उघडते, आणि मी ते कधी बघितलेलंच नाही. किल्ली भोकात घातली, पण फिरवली नाही. थांबली. मान वळवून तिने जिन्याच्या शेवटच्या पायरीकडे बघितलं, रिकाम्या, आणि थोडा वेळ बघतच राहिली, कुणीतरी हो म्हणेपर्यंत थांबावं तशी. मग कुलूप उघडलं.

"चल ना, आई," ती आतून म्हणाली.

अरुणा उंबऱ्याबाहेर उभी होती. चपला काढायच्या होत्या. तिने खाली बघितलं, पाय कोरडे होते, स्वच्छ होते, आणि तरीही तिला आत पाऊल टाकवेना.